समीकरणात नसलेलं आम्ल: रेट लॉ कुठून आला?

बारावीच्या केमिकल कायनेटिक्समध्ये, म्हणजे अभिक्रियांच्या वेगाच्या धड्यात, बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते: रेट लॉवर, म्हणजे अभिक्रियेचा दर कोणत्या पदार्थाच्या संहतीवर (द्रावणातल्या किंवा वायूतल्या प्रमाणावर) कसा अवलंबून आहे ते सांगणाऱ्या सूत्रावर. समीकरण संतुलित करून झालं, रेणूंपुढचे आकडे समोर आहेत, मग तेच आकडे रेट लॉमध्ये घातांक म्हणून का बसवायचे नाहीत? पुस्तक एका ओळीत सांगतं की ऑर्डर, म्हणजे हे घातांक, प्रयोगानेच ठरते. असं का, याचं उत्तर इतिहासात जास्त नीट सापडतं. पहिला रेट लॉ ज्या अभिक्रियेसाठी मांडला गेला, तिथेच समीकरण आणि नियम यांची फारकत झालेली होती.

साल 1850. लुडविग विल्हेल्मी हा जर्मन शास्त्रज्ञ, मूळचा औषधांच्या व्यवसायातला. त्याने उसाच्या साखरेचं द्रावण घेतलं आणि त्यात आम्ल घातलं. आम्लामुळे साखरेचा रेणू पाणी घेऊन फुटतो आणि ग्लुकोज व फ्रुक्टोज तयार होतात. ही निवड फार हुशारीची होती. साखर ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या) प्रकाशाचं प्रतल उजवीकडे वळवते. तिचं विशिष्ट वलन, म्हणजे ठरावीक प्रमाणात घेतल्यावर ती प्रतल किती वळवते तो कोन, सुमारे +66.5 अंश. ग्लुकोजचं सुमारे +52.7, फ्रुक्टोजचं मात्र सुमारे −92. त्यामुळे साखर फुटत जाते तसा पोलॅरिमीटरचा (हे वलन मोजणाऱ्या उपकरणाचा) कोन उजवीकडून कमी होत होत शून्य ओलांडतो आणि डावीकडे जातो. द्रावणाला हातही न लावता, नुसता कोन वाचून, किती साखर उरली ते कळतं. आपल्याकडे साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाचा ‘पोल’ काढतात तो याच तत्त्वावर. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की उतारा घसरतो, त्यामागेही बऱ्याच अंशी साखरेची हीच फूट असते; तिथे ती एन्झाइम आणि जंतूंमुळे होते.

विल्हेल्मीला आढळलं की कोणत्याही क्षणी साखर फुटण्याचा दर त्या क्षणी उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. त्याने ते सरळ अवकल समीकरणात लिहिलं, सोडवलं आणि उत्तर आकड्यांशी ताडून पाहिलं. आज ज्याला आपण फर्स्ट ऑर्डर म्हणतो ते हेच. त्याच्या समीकरणात आम्लासाठीही एक अक्षर होतं, आणि खरी मेख तिथेच आहे. रासायनिक समीकरणात साखर आणि पाणी असे दोन अभिकारक आहेत. दराच्या नियमात पाणी नाही, कारण ते इतकं मुबलक आहे की त्यातली घट जाणवतच नाही. उलट रासायनिक समीकरणात ज्याचं नाव नाही, जे शेवटी जसंच्या तसं उरतं, ते आम्ल नियमात ठाण मांडून बसलं आहे.

या कामाकडे पुढे तीसेक वर्षं कोणी फारसं पाहिलं नाही. ओस्टवाल्ड या रसायनज्ञाने ते उजेडात आणलं, तोवर विल्हेल्मी हयात नव्हता.

मधल्या काळात नॉर्वेमध्ये गुल्डबर्ग आणि वागे या नात्यातल्या जोडीने 1864 मध्ये मास ॲक्शनचा नियम मांडला: अभिक्रियेचा जोर अभिकारकांच्या संहतींच्या गुणाकारावर ठरतो. सुरुवातीला त्यांनी घातांक प्रयोगाने ठरवायचे म्हणून मोकळे ठेवले होते. 1867 मध्ये ते सरसकट एक धरले. 1879 मध्ये समीकरणातले आकडे घातांक म्हणून आले. समतोलासाठी, म्हणजे पुढची आणि उलट अभिक्रिया सारख्याच वेगाने चालते त्या अवस्थेसाठी, ही शेवटची मांडणी चोख आहे. दरासाठी ती चालेलच असं नाही. विद्यार्थ्यांचा घोळ मला वाटतं इथूनच सुरू होतो, कारण समतोल आपण आधी शिकतो आणि त्याची सवय दराच्या धड्यात घेऊन येतो.

ऑक्सफर्डमध्ये हारकोर्ट हा रसायनज्ञ आणि एसन हा गणिती 1860च्या दशकात याच प्रश्नावर बसले होते. त्यांची एक अभिक्रिया आपल्या प्रॅक्टिकलची जुनी ओळखीची: पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्ल. टायट्रेशन करताना पहिल्या थेंबाचा गुलाबी रंग जाता जात नाही आणि थोड्या वेळाने थेंब पडताक्षणी नाहीसे होऊ लागतात. अभिक्रियेत तयार होणारे मँगनीजचे आयनच तिला वेग देतात. म्हणजे इथे दर ठरवायला उत्पादितही हजर! साध्या समीकरणावरून हे कोणी ओळखावं?

1884 मध्ये डच रसायनज्ञ व्हान्ट हॉफने या विखुरलेल्या कामाला शिस्त लावली. संहती बदलत दर मोजायचा, दोन्हींच्या लॉगचा आलेख काढायचा. रेषेचा चढ म्हणजे ऑर्डर. 1901 मध्ये रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल त्याला मिळालं.

तापमानाचं कोडं मात्र उरलं होतं आणि ते सोडवायला पुन्हा साखरच आली. 1889 मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञ अऱ्हेनिअसने दाखवलं की तापमान एका अंशाने वाढलं तर साखर फुटण्याचा दर दहा टक्क्यांहून जास्त वाढतो. रेणूंचा सरासरी वेग तेवढ्याने वाढतो जेमतेम एक षष्ठांश टक्का. तेव्हा नुसत्या टकरा वाढल्याने हे होत नाही. पुरेशी ऊर्जा असलेले मोजके ‘सक्रिय’ रेणूच फुटतात आणि त्यांची संख्या तापमानाबरोबर झपाट्याने वाढते, असं त्याने मांडलं. ॲक्टिव्हेशन एनर्जीची कल्पना ही अशी आली.

1913 मध्ये बर्लिनमध्ये लिओनोर मिखाएलिस आणि कॅनडाहून आलेल्या डॉक्टर मॉड मेंटेन यांनी तीच साखर आणि पोलॅरिमीटर घेतला, पण आम्लाऐवजी इन्व्हर्टेझ हे एन्झाइम वापरलं. साखर कमी असताना दर तिच्या प्रमाणात वाढतो. भरपूर असली की एन्झाइमचे रेणू सगळे गुंतलेले असतात आणि आणखी साखर घालूनही दर हलत नाही. रासायनिक समीकरण विल्हेल्मीच्या अभिक्रियेचंच, ऑर्डर मात्र साखर कमी असताना एक, भरपूर असताना शून्य.

सगळ्यात मजेशीर आहे ती जर्मन रसायनज्ञ माक्स बोडेनस्टाइनच्या दोन अभिक्रियांची जोडी. हायड्रोजन आणि आयोडीनचा दर त्याला अगदी सरळ मिळाला, दोन्हींच्या संहतीच्या गुणाकाराइतका. मग लिंड या सहकाऱ्याबरोबर त्याने आयोडीनच्या जागी ब्रोमीन घेतलं. समीकरणाचा साचा तोच, आणि हाती आलं ते ब्रोमीनचं वर्गमूळ, शिवाय छेदात उत्पादित. हे का, याचा उलगडा 1919-20 मध्ये ख्रिश्चनसेन, हर्झफेल्ड आणि पोलान्यी यांनी स्वतंत्रपणे केला: ब्रोमीनचा रेणू आधी अणूंमध्ये फुटतो आणि तिथून साखळी चालू होते. आयोडीनच्या बाबतीत मात्र दोन रेणू आपटले, काम झालं, असंच पुस्तकं कित्येक दशकं सांगत राहिली. 1967 मध्ये सलिव्हन या रसायनज्ञाने प्रकाशाने आयोडीनचे अणू तयार करून प्रयोग केले, तेव्हा तिथेही काम अणूंचंच असल्याचं दिसलं. त्यांची संहती आयोडीनच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते आणि दरात दोन अणू लागतात, म्हणून हिशेब पुन्हा पहिल्याच घातांकावर येऊन ठेपतो.