अनावर्ती स्फटिक

ज्या घन पदार्थातील अणूंची मांडणी दूरवर सुव्यवस्थित असते, पण तिन्ही मितींत ठराविक अंतराने जशीच्या तशी पुन्हा येत नाही, त्यास अनावर्ती स्फटिक म्हणतात. काचेसारख्या अस्फटिकी पदार्थाच्या क्ष-किरण विवर्तनात, म्हणजे अणूंवरून विखुरलेल्या किरणांच्या चित्रात, पसरट वलये दिसतात. अनावर्ती स्फटिकाच्या विवर्तनचित्रात मात्र नेहमीच्या स्फटिकासारखेच रेखीव ठिपके उमटतात. मिठाच्या स्फटिकाचा कोणताही ठिपका तीन पूर्णांकांनी दर्शविता येतो, येथे मात्र तीन पुरत नाहीत.

याचे सर्वांत सुबोध उदाहरण निर्जल सोडियम कार्बोनेटाचे आहे. सामान्य तापमानाला त्यातील कार्बोनेट गट आपल्या सरासरी स्थानापासून थोडे ढळलेले असतात आणि हे ढळणे स्फटिकभर लाटेसारखे पसरलेले असते. लाटेची लांबी आणि जालकातील (अणूंच्या नियमित चौकटीतील) अंतर यांचे गुणोत्तर अपरिमेय असल्यामुळे कितीही पुढे गेले तरी दोन्हींचा मेळ बसत नाही, आणि तापमान बदलले की हे गुणोत्तरही हळूहळू बदलते. विवर्तनात मुख्य ठिपक्यांच्या आजूबाजूला फिकट उपठिपके दिसतात व त्यांच्यासाठी चौथा पूर्णांक लागतो. १९७४ च्या सुमारास डच स्फटिकवैज्ञानिक द वोल्फ यांनी, तसेच यानर व यान्सेन यांनी, अशी रचना चार मितींतील आवर्ती स्फटिकाचा त्रिमितीय छेद मानावी, असे सुचविले. ही चौथी मिती केवळ गणिती सोय आहे. लाटेची कला, म्हणजे लाट त्या जागी चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे हे, मोजण्यासाठी ती घेतलेली असते. कॅलॅव्हराइट या सोने व टेल्यूरियम यांच्या खनिजाचे अनेक पृष्ठभाग, स्फटिकाचा प्रत्येक पृष्ठभाग तीन लहान पूर्णांकांनी दर्शविता येतो, या नियमात बसत नव्हते. ते कोडेही पुढे चार निर्देशांकांनीच (अशा पूर्णांकांनीच) सुटले.

दोन जालके एकमेकांत गुंतलेली, पण त्यांची मापे न जुळणारी, असे संयुक्त स्फटिक हा अनावर्ती स्फटिकांचा दुसरा प्रकार. उच्च दाबाखालील बेरियमसारख्या शुद्ध मूलद्रव्यातही अशी रचना आढळते.

सर्वाधिक गाजला तो तिसरा प्रकार, क्वासिक्रिस्टल. त्यात आवर्ती अशी सरासरी रचनाही नसते. एप्रिल १९८२ मध्ये डॅन शेख्टमन यांना झटपट थंड केलेल्या ॲल्युमिनियम-मँगॅनीज मिश्रधातूच्या इलेक्ट्रॉन विवर्तनात दशघडी सममिती दिसली, म्हणजे एका पूर्ण फेरीत चित्र दहा वेळा जसेच्या तसे दिसत होते. आवर्ती जालकात केवळ दुघडी, तिघडी, चौघडी व सहाघडी घूर्णन सममिती शक्य असल्याने या निष्कर्षाला कडवा विरोध झाला; लायनस पॉलिंग यांनी तर तो अखेरपर्यंत मानला नाही. शोधनिबंध १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. या विंशतिफलकीय (वीस फलकांच्या घनाकृतीची सममिती असलेल्या) रचनेला सहा निर्देशांक लागतात. एका दिशेने आवर्ती असलेल्या दशकोनी प्रकाराला पाच पुरतात. त्याच्या शोधात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील के. चट्टोपाध्याय व सहकाऱ्यांचाही वाटा आहे. शेख्टमन यांना २०११ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधीच, १९९० च्या दशकाच्या आरंभी, आंतरराष्ट्रीय स्फटिकविज्ञान संघाने स्फटिकाच्या व्याख्येतून आवर्तनाची अट काढून रेखीव विवर्तन हाच निकष ठेवला होता.

झटपट थंड करणे अनिवार्य नाही, हे १९८७ मध्ये त्साई व सहकाऱ्यांनी बनविलेल्या ॲल्युमिनियम-तांबे-लोखंड यांच्या स्थिर क्वासिक्रिस्टलने दाखविले. त्याच घटकांचे नैसर्गिक खनिज, आयकोसाहेड्राइट, पूर्व रशियातील खातिर्का अशनीत सापडले आहे.