मुक्या माराचं रक्त आणि मोडलेल्या हाडाचं रक्त

मिरजेत मी रोज प्लास्टर घालतो आणि आठवड्यातून एकदा तरी ऐकतो, "रक्त साकळलं होतं, म्हणून चोळून मोकळं केलं." चोळणारा मायेनंच चोळतो. पण 'साकळलेलं रक्त' या एका नावाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी घातल्यात आणि त्यातली एक घालवायची नसतेच.

मुका मार सगळ्यांच्या ओळखीचा. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, जागा काळीनिळी पडते, मग हिरवट, मग पिवळी. दोनेक आठवड्यांत शरीर ते रक्त शोषून घेतं. आंबेहळद लावा, नका लावू.

हाडाचं तसं नाही. हाड जिवंत असतं, त्यात रक्त खेळत असतं. ते मोडलं की दोन टोकांच्या मधे रक्त साठतं आणि काही तासांत गुठळी धरते. हाड जुळायला सुरुवात तिथूनच होते. फायब्रिन या प्रथिनाचे धागे गुठळीत जाळं विणतात. रक्तातल्या प्लेटलेट्स तिथं पीडीजीएफ, टीजीएफ-बीटा अशी द्रव्यं सोडतात. त्यांच्या सांगाव्यावर दुरुस्तीच्या पेशी गोळा होतात, वाढतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात. दोन-तीन आठवड्यांत तिथं कूर्चेचा मऊ जोड तयार होतो. एक्स-रेत तो दिसत नाही, आणि नेमकं तेव्हाच लोक "काहीच जुळलं नाही" म्हणून प्लास्टर सोडून चोळायला नेतात! पुढे त्याच मऊ जोडात कॅल्शियम भरून हाड होतं.

या गुठळीत केवढं बळ असतं? 1990 साली जपानी संशोधकांनी उंदरांच्या मोडलेल्या हाडातली चार दिवसांची गुठळी काढून स्नायूत ठेवली. तिथं हाड तयार झालं. स्नायूत!

ती गुठळी आपण अंगठ्यानं दाबून विस्कटतो. टोकं हलतात, पुन्हा रक्तस्राव होतो, पहिल्यापासून सुरुवात. कोपराला मार लागला असेल तर तेल लावून अजिबात चोळू नका. तिथल्या स्नायूत नको तिथं हाड धरतं आणि कोपर कायमचं आखडू शकतं. ट्रॉलीवरून पडलेल्या पोरांची अशी आखडलेली कोपरं मी पाहिलीत, आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो.

गोंधळ वाढतो तो दोन्ही रक्तं एकाच माणसात असतात म्हणून. तासगावकडच्या एका आजींचा दंड खांद्याजवळ मोडला होता. चौथ्या दिवशी कोपर काळंनिळं. "बाळा, कोपरबी मोडलं का रं?" नव्हतं मोडलं. वरचं रक्त कातडीखालून खाली उतरलं होतं. ते आपोआप जिरतं. हाडातली गुठळी मात्र जिथल्या तिथं राहायला हवी.

सुजेवर फडक्यात गुंडाळलेला बर्फ ठेवा, हात उशीवर उंच ठेवा, बोटं हलवत राहा. मिश्री लावणाऱ्या मावशींना मी पहिल्याच दिवशी हात जोडून सांगतो, जोड धरेपर्यंत तरी डबी बाजूला ठेवा. तंबाखूतल्या निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला वेळ लागतो.

नुसत्या काळ्यानिळ्या डागावरून आत हाड मोडलंय की नाही, हे मलाही कळत नाही. हाडावर बोट दाबलं की कळ येते, पायावर भार देता येत नाही किंवा हात वाकडा दिसतो, तर आधी एक्स-रे काढा. तोवर तेलाची वाटी ओट्यावरच राहू द्या.