तहरीफ : ज्यू व ख्रिस्ती धर्मग्रंथांविषयी मध्ययुगीन मुस्लिम विद्वानांची भूमिका

ज्यू आणि ख्रिस्ती यांच्या हाती असलेल्या धर्मग्रंथांत मूळ ईश्वरी वचनांचा विपर्यास झाला आहे, या इस्लामी धर्मविचारातील मताला तहरीफ असे म्हणतात. मोशेला तौरात (ज्यूंचा तोरा), दाविदाला जबूर (स्तोत्रे) आणि येशूला इंजील (शुभवर्तमान) ईश्वरानेच दिले, असे कुराण सांगते. आणि त्याच कुराणात वचने त्यांच्या जागेवरून हलवणाऱ्यांवर ठपकाही ठेवलेला आहे (४:४६, ५:१३). हा विपर्यास लिखित मजकुरात झाला की केवळ त्याचा अर्थ लावताना, याविषयी तेथे एकच ठाम निवाडा नसल्याने विद्वानांची मते पुढे शतकानुशतके विभागलेली राहिली. तहरीफच्या आरोपामुळे मुसलमानांनी हे ग्रंथ मिटून बाजूला ठेवले, ही सर्रास आढळणारी समजूत मात्र बरोबर नाही; अनेक विद्वानांनी ते बारकाईने वाचले, आणि काहींनी तर आरोप सिद्ध करण्यासाठीच वाचले.

बुखारीच्या हदीससंग्रहातील (मुहंमद पैगंबरांच्या उक्ती व कृतींच्या संग्रहातील) एक प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. मदिनेत व्यभिचाराच्या एका प्रकरणात ज्यूंनी तौरात आणली, तेव्हा वाचणाऱ्याने दगडमाराच्या शिक्षेच्या वचनावर हात ठेवून फक्त मागचापुढचा मजकूर वाचला. इस्लाम स्वीकारलेल्या अब्दुल्ला इब्न सलामने त्याला हात उचलायला लावला आणि ते वचन जागेवरच सापडले. ग्रंथ शाबूत होता, लपवाछपवी वाचणाऱ्याची होती, असा या कथेचा सरळ अर्थ निघतो.

आरंभीच्या लेखकांचा मुख्य हेतू पैगंबरांच्या आगमनाची भाकिते शोधणे हा होता. ख्रिस्ती धर्म सोडून मुसलमान झालेला वैद्य अली इब्न रब्बन अत-तबरी (नववे शतक) याने बायबलमधील यशयाच्या ग्रंथातील उंटावरचा स्वार आणि ‘अनुवाद’ या नावाच्या पुस्तकातील पारान पर्वत यांचा संबंध मुहंमद पैगंबरांशी जोडला. असे पुरावे काढायचे तर हाती असलेला ग्रंथ निदान अंशतः तरी विश्वसनीय मानावाच लागतो. खलीफा अल-महदीशी ७८१ च्या सुमारास झालेल्या संवादात पूर्वेकडील चर्चचा प्रमुख धर्मगुरू तिमथी याने तहरीफच्या आरोपाला दिलेले उत्तरही विचारात घेण्याजोगे आहे : ज्यू आणि ख्रिस्ती एकमेकांचे वैरी असताना दोघांनी संगनमताने एकच ग्रंथ कसा बदलला असेल?

आरोपाला सर्वांत धारदार रूप दिले ते स्पेनमधील कॉर्डोव्हाच्या इब्न हज्म (९९४–१०६४) याने. धर्म व पंथांवरील आपल्या ‘अल-फिसल’ या ग्रंथात त्याने तोराची अक्षरशः उलटतपासणी केली. मोशेच्या मृत्यूची व दफनाची हकीकत मोशेच्याच ग्रंथात कशी येते, हा त्याचा एक प्रश्न. दुसरा गणिताचा : निर्गमाच्या पुस्तकात इस्राएल लोकांचा मिसरमधील (इजिप्तमधील) मुक्काम ४३० वर्षांचा दिला आहे, पण याकोबाबरोबर मिसरमध्ये आलेल्या कहाथाचे पूर्ण आयुष्य १३३ वर्षे, त्याचा मुलगा व मोशेचा पिता अम्राम याचे १३७ आणि बाहेर पडताना मोशेचे वय ८०, अशी बेरीज केली तरी ती ३५० च्या पुढे जात नाही. मत्तय व लूक यांनी दिलेल्या येशूच्या वंशावळी जुळत नाहीत, हेही त्याने दाखवले. तोराची प्रत केवळ जेरुसलेमच्या मंदिरातील याजकांच्या ताब्यात असे, मंदिराच्या विध्वंसात ती नष्ट झाली आणि एज्रा या ज्यू शास्त्र्याने ती पुन्हा लिहून काढली, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याची भाषा अनेक ठिकाणी कमालीची कठोर, प्रसंगी अपमानकारक आहे आणि तिचे समर्थन करता येत नाही. परंतु मजकुरातील विसंगती टिपण्याची त्याची नजर विलक्षण होती.

त्याचा समकालीन अल-बेरुनी (९७३–सु. १०५०) वेगळ्या वृत्तीचा होता. प्राचीन राष्ट्रांच्या कालगणनेवरील ग्रंथात त्याने ज्यू, ख्रिस्ती आणि शोमरोनी (तोरा मानणारा ज्यूंहून वेगळा पंथ) यांच्याकडील तोराच्या पाठांमधील वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. तेथे वाद जिंकण्यापेक्षा पाठभेद समजून घेण्याची ओढ अधिक जाणवते.

अर्थाचाच विपर्यास झाला, असे मानणाऱ्यांचा युक्तिवाद प्रसाराच्या व्याप्तीवर उभा होता. पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत पसरलेल्या ग्रंथाच्या सर्व प्रती एकसारख्या बदलणे शक्य नाही, हा मुद्दा फख्रुद्दीन अर-राझीने (मृत्यू १२०९) विचारात घेतला. इब्न खल्दून (१३३२–१४०६) यानेही, धर्म पाळणारा समाज आपल्या ग्रंथाशी असे वागत नाही, असे सांगून मजकूर बदलल्याचा आरोप शब्दशः घेण्यास नकार दिला. इब्न तैमिया (१२६३–१३२८) याने सायप्रसहून आलेल्या ख्रिस्ती पत्राला सविस्तर उत्तर देताना मधली वाट धरली : अर्थाचा विपर्यास निश्चित, शब्दांतील बदल मात्र काही ठिकाणी.

हा वाद पंधराव्या शतकात कैरोमध्ये पुन्हा पेटला. अल-बिकाई (मृत्यू १४८०) याने कुराणावरील भाष्यात तौरात व शुभवर्तमानांतील लांबलचक उतारे घेतले, तेव्हा अस-सखावी या विद्वानाने असे उतारे घेणे निषिद्ध असल्याचे प्रतिपादन करणारा ग्रंथ लिहिला. अल-बिकाईने स्वतंत्र पुस्तिका लिहून आपली बाजू मांडली आणि भाष्यातील ते उतारे कायम ठेवले. पूर्वीच्या भाष्यकारांकडे बायबलमधील कथा बहुधा तोंडोतोंडी, ‘इस्राईलियात’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आख्यायिकांच्या रूपाने येत. अल-बिकाईने मात्र अरबी भाषांतरे समोर ठेवून मजकूर थेट उतरवून घेतला होता.