आठ वर्षांचं बोट, ३८ किलोंचा ताण

भाचीच्या आठव्या वाढदिवसाला आम्ही तिच्यासाठी इलेक्ट्रिक गिटार आणली. लाल, चकचकीत, मोठ्यांच्या मापाची. वाढतं अंग आहे म्हणून फ्रॉक जसा एक माप मोठा घेतात, तसाच हिशेब गिटारलाही लावला. पहिले दोन आठवडे ती रोज घेऊन बसायची. मग दिवसाआड. मग गिटार कपाटाला टेकून उभी राहायला लागली. एकदा सहज तिचा डावा हात हातात घेतला, तर तर्जनीच्या टोकावर तारेची खोल, लालसर रेघ उमटलेली होती. "मामा, मी खूप जोर लावते रे, पण ती नुसती टक् वाजते," ती म्हणाली. स्वतःच्याच बोटांवर नाराज झाल्यासारखी.

मी गिटार मांडीवर घेतली आणि पहिल्या फ्रेटशी तार दाबून पाहिली. (फ्रेट म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या.) माझ्या बोटालाही जाणवेल इतका जोर लागला. मूल कंटाळलं, त्याला आवडच नाही, असं आपण किती पटकन म्हणून मोकळे होतो! इथे दोष पोरीच्या आवडीत नव्हता. तो दोन आकड्यांत होता : तारेची लांबी आणि तारेची उंची. मुलाची पहिली गिटार निवडताना रंग, नाव आणि लाकूड यांच्या आधी हे दोन आकडे पाहायला हवेत, असं माझं ठाम मत आहे. त्यांच्यामागचं विज्ञान जुनं आहे आणि फार सुंदरही आहे.

गॅलिलिओचे वडील व्हिन्सेंझो गॅलिली हे ल्यूट हे तंतुवाद्य वाजवणारे संगीतकार. तारेवरचा ताण दुप्पट केला की स्वर एक सप्तक वर जातो, असं तोवर पिढ्यान् पिढ्या मानलं जात होतं. व्हिन्सेंझोंनी तारांना वजनं टांगून पाहिली, तेव्हा दिसलं की त्याच लांबीच्या तारेवर मध्य षड्जाचा तार षड्ज करायचा तर वजन दुप्पट नाही, चौपट लागतं. १६३६ साली मारँ मेर्सेन या फ्रेंच गणितज्ञाने तारेचे नियम एकत्र मांडले. त्यातून आपल्या कामाचं निघतं ते असं : स्वर आणि तार तीच ठेवली, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. लांबी थोडी कमी केली तरी ताण बराच उतरतो.

गिटारच्या तारेचा वाजणारा भाग, म्हणजे वरच्या टोकाच्या नटपासून खालच्या ब्रिजपर्यंतची लांबी, हिला स्केल लेंग्थ म्हणतात. (नट म्हणजे खुंट्यांकडून येणाऱ्या तारा ज्या छोट्या पट्टीच्या खाचांतून जातात ती पट्टी. ब्रिज म्हणजे गिटारच्या अंगावरचा, तारांची खालची टोकं टेकतात तो भाग.) १९५४ साली आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारची स्केल लेंग्थ ६४८ मिलिमीटर आहे, आणि मोठ्यांच्या असंख्य गिटार आजही याच मापाच्या बनतात. मुलांसाठीच्या छोट्या इलेक्ट्रिक गिटार साधारण ५६५ ते ५८० मिलिमीटरच्या असतात. फरक फक्त सात-आठ सेंटिमीटरचा. पण ५७८ भागिले ६४८ करा आणि उत्तराचा वर्ग घ्या : ०.८० येतो. तेच स्वर, त्याच तारा, आणि ताण २० टक्के कमी.

हा ताण किती असतो याची कल्पना बहुतेक पालकांना नसते. इलेक्ट्रिक गिटारवर लावायच्या हलक्या तारांच्या संचाला दुकानात 'नऊचा सेट' म्हणतात, कारण त्यातली सर्वांत बारीक तार ०.००९ इंच जाडीची असते. ६४८ मिलिमीटरच्या गिटारवर ही एकटी तार स्वरात आणली की सुमारे ६ किलो वजन टांगल्याइतकी ताणलेली असते. सहाही तारा मिळून साधारण ३८ किलो. 'दहाचा सेट' लावला तर ४६ किलोंच्या आसपास. आणि ॲकूस्टिक गिटारवर सर्रास असणारा 'बाराचा सेट' ७० किलोंच्या वर जातो.

"आधी ॲकूस्टिकवर बोटं घट्ट होऊ देत, मग इलेक्ट्रिक घेऊ," हा सल्ला मला म्हणूनच पटत नाही. ज्या मुलाला इलेक्ट्रिकच वाजवायची आहे, त्याला आधी जवळपास दुप्पट ताणाच्या तारांवर का झिजवायचं? ॲकूस्टिकला जाड तारा लागतात त्यामागे भौतिक कारण आहे : लाकडाची वरची पातळ फळी हलवून खोलीभर आवाज करायची ताकद त्या तारांतूनच यावी लागते. इलेक्ट्रिक गिटारमध्ये हे काम तारेकडे नाहीच. तारांखाली लोहचुंबक असतो आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. या जोडीला पिकअप म्हणतात. चुंबकामुळे वरची पोलादी तारही चुंबकित होते. ती कंप पावली की वेढ्यांतून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलत राहतं, आणि वेढ्यांत त्याच लयीचा क्षीण विद्युतप्रवाह उमटतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली शोधलेलं प्रवर्तन ते हेच. (म्हणूनच नायलॉनच्या तारा लावल्या तर हा पिकअप मुका होतो.) गिटारवर हे तत्त्व यशस्वीपणे बसवणारे जॉर्ज बोशाँ यांचं पहिलं वाद्य १९३१ साली तयार झालं, १९३२ मध्ये विक्रीला आलं.

पोरांच्या दृष्टीने याचा अर्थ फार मोलाचा आहे. पुढचा आवाज ॲम्प्लिफायर करणार असल्यामुळे तार बारीक चालते, अंग लहान चालतं, दांडी आखूड चालते, आणि यातलं काहीही केलं तरी आवाज दुबळा होत नाही. छोटी ॲकूस्टिक गिटार आवाजात मार खाते. छोटी इलेक्ट्रिक खात नाही.

आखूड दांडीचा दुसरा फायदा बोटांच्या फाकेचा. सतारीचे पडदे सरकवता येतात, गिटारचे फ्रेट लाकडात पक्के रोवलेले असतात, त्यामुळे त्यांची जागा आधी गणितानेच ठरवावी लागते. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडायचे तर प्रत्येक फ्रेटला उरलेली लांबी १.०५९५ ने भागायची. जुने कारागीर हे काम एका सोप्या नियमाने करत : उरलेल्या लांबीचा अठरावा भाग मोजायचा आणि तिथे फ्रेट बसवायचा. हा नियमही व्हिन्सेंझो गॅलिलींनी १५८१ साली नोंदवलेला आहे, आणि खऱ्या उत्तराच्या तो इतका जवळ जातो की नवल वाटतं. आता आपली मापं घालू. ६४८ मिलिमीटरच्या गिटारवर नटपासून चौथा फ्रेट १३४ मिलिमीटरवर येतो, ५७८ च्या गिटारवर ११९ वर. सुरुवातीच्या बहुतेक कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे स्वरसमूह, याच चार फ्रेटांत असतात. कोवळ्या करंगळीला दीड सेंटिमीटर म्हणजे पोचणं आणि न पोचणं यांतलं अंतर.

आखूड दांडीला एक खोट आहे, ती विक्रेते सहसा सांगत नाहीत. ताण उतरला की तारा सैल लागतात. मुलं तार दाबताना मुठीत जोर एकवटतात आणि नकळत ती बाजूला ओढतातही. सैल तार अशा वेळी पटकन चढते, कॉर्ड बेसूर लागते आणि मुलाला कळत नाही की आपलं काय चुकलं. उपाय मेर्सेनच्याच नियमात आहे. छोट्या गिटारवर दहाचा सेट लावा. ४६ किलोंचे ८० टक्के म्हणजे साधारण ३७ किलो. मोठ्या गिटारवर नऊच्या सेटला जो ताण मिळतो, जवळजवळ तोच. फाक कमी, तारा घट्ट, सूर जागेवर.

आता उंचीकडे येतो, कारण माझ्या भाचीचं खरं दुखणं तिथे होतं.

तार पहिल्या फ्रेटला टेकवायला किती जोर लागेल, याचा ढोबळ हिशेब शाळेतल्या भूमितीने होतो : ताण गुणिले उंची, भागिले नटपासूनचं अंतर. दहाच्या सेटच्या सहाही तारा एकाच बोटाने पहिल्या फ्रेटवर दाबायच्या आहेत असं समजा. एफ ही कॉर्ड अशी वाजवतात, आणि ती शिकताना मोठी माणसंही रडकुंडीला येतात. नटशी तारा नीट बसवलेल्या असतील, म्हणजे पहिल्या फ्रेटपासून त्यांची उंची ०.४ मिलिमीटर असेल, तर किमान अर्धा किलो जोर लागतो. नटच्या खाचा उथळ राहिल्या आणि उंची ०.९ मिलिमीटर झाली, तर तोच जोर १.१ किलोच्या पुढे जातो. फरक अर्ध्या मिलिमीटरचा! अंतराने भागायचं असल्यामुळे नटजवळच हा फटका सर्वांत जास्त बसतो, आणि नवशिक्याचं सगळं आयुष्य नटजवळच्या पहिल्या तीन फ्रेटांतच जातं. शिवाय उंच तार खाली ओढताना ताणली जाते, म्हणून तिचा स्वर थोडा चढतो. मूल जोर लावतंय, बोट दुखतंय, आणि इतकं करून निघालेला स्वरही खोटा.

स्वस्त गिटारवर खाचा उथळ का राहतात? कारखान्यात खाच कमी खोल ठेवणं सुरक्षित असतं. जास्त खोल गेली तर तार फ्रेटवर घासून झणझणते आणि नट वाया जातो. कमी खोल राहिली तर फक्त बोटं दुखतात, आणि ती तक्रार कारखान्यापर्यंत पोचत नाही.

दुकानात याची परीक्षा मिनिटभराची आहे. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर ती किती वर राहते ते डोळा खाली आणून बघा. कागद जेमतेम सरकेल एवढी फट हवी, वरून हलकं टिचकावलं की बारीक 'टिक्' ऐकू आली पाहिजे. पुठ्ठा आत जात असेल तर नट उंच आहे. मग फोनवरच्या ट्युनरने मोकळी तार लावून घ्या, पहिल्या फ्रेटवर दाबून वाजवा. काटा त्या नव्या स्वराच्या मध्यापासून वर सरकला तर तोच आजार. बाराव्या फ्रेटपाशी तारेची उंची दीड ते दोन मिलिमीटर असावी, साधी पट्टी धरून मोजता येते. शेवटी दांडीच्या कडेवरून तळहात सरकवा. हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं, फ्रेटचा धातू आकसत नाही, आणि फ्रेटची टोकं करवतीच्या दातांसारखी बाहेर येतात. ती आपल्याला टोचली तर पोराला ओरखडणारच.

यातलं काही बिघडलेलं दिसलं म्हणून गिटार लगेच नाकारू नका. गिटार दुरुस्त करणारा जाणकार खाचा घासून, दांडीतला पोलादी गज पिळून, ब्रिज खाली-वर करून हे सगळं एका बैठकीत बसवून देतो. याला सेटअप म्हणतात. पैसे मोजकेच असतील तर एक पायरी स्वस्त गिटार घ्या आणि उरलेले सेटअपवर घाला, हा व्यवहार मला केव्हाही शहाणपणाचा वाटतो. अंगाचं लाकूड कोणतं, या चर्चेत पहिल्या गिटारपुरता वेळ घालवू नये.

एक गोष्ट मात्र सरळ टाळा : स्प्रिंगांवर तरंगता ब्रिज. तिथे एका बाजूला तारांचा ताण आणि दुसऱ्या बाजूला स्प्रिंगांचा, असा तराजू असतो. एक तार घट्ट केली की तराजू कलतो आणि उरलेल्या पाच उतरतात. त्या लावायला जावं, तर पहिली बिघडते. जाणत्या वादकाला त्यातून तारा डोलवण्याची गंमत मिळते, आठ वर्षांच्या मुलाची संध्याकाळ मात्र तारा लावण्यातच जाते. पक्का बसवलेला ब्रिज बघा. पिकअपमध्ये निदान एक हंबकर असला तर उत्तम. त्यात दोन वेटोळी उलटसुलट जोडलेली असतात, त्यामुळे घरातल्या वायरिंगची ५० किंवा ६० हर्ट्झची घरघर परस्पर कटते आणि तारेचा आवाज तेवढा उरतो. सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये केलेली ही युक्ती आजही तशीच चालते.

वजनही उचलून बघा, आणि मुलालाच उचलू द्या. मोठी गिटार साडेतीन-चार किलोंची असते. पट्टा खांद्याला अडकवून मूल पाच मिनिटं उभं राहू शकलं पाहिजे. डावखुऱ्या मुलाला दोन्ही बाजूंनी धरून बघू द्या, त्याला जी सहज वाटेल ती.

कानांबद्दल थोडं कळकळीने सांगतो. हेडफोन लावून वाजवता येतं ही इलेक्ट्रिकची मोठी सोय, शेजारीही खूश. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार मुलांसाठी ७५ डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासच सुरक्षित आहे, आणि दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ८४ डेसिबलला उरतात फक्त पाच तास. ॲम्प्लिफायरच्या आवाजाच्या बटणावर एक रेघ मारून ठेवा आणि हेडफोन मुलाच्या डोक्यावर जाण्याआधी स्वतःच्या कानाला लावून बघा.

भाचीची लाल गिटार मी दुरुस्तीला नेली. कारागिराने नटच्या सहा खाचांत एकेक बारीक कानस फिरवली, तार लावून बघितली, पुन्हा दोनदा फिरवली. पांढरी भुकटी टेबलावर चिमूटभर पडली असेल. दांडी तिच्यासाठी लांबच होती, म्हणून मग दोन वर्षं ती तिसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावून वाजवत होती. त्याने ६४८ ची लांबी ५४५ होते आणि फ्रेटही जवळ येतात. त्या दिवशी घरी आल्यावर तिने पहिल्या फ्रेटवर बोट ठेवलं, तार वाजवली, आणि मग तीच तार परत परत वाजवत बसली.