पार्श्वभूमी : ‘मला सायनस आहे’

हळदीचे सौदे सुरू झाले, उसाच्या फडात पाचट पेटायला लागलं, की सांगली-मिरजेत कान-नाक-घसा डॉक्टरांकडची बाकं भरतात आणि तेच वाक्य ऐकू येतं : ‘मला सायनस आहे.’ सायनस सगळ्यांनाच असतात. गालाच्या हाडांत, कपाळात, डोळ्यांच्या मधे आणि त्यामागे खोलवर, हवेच्या पोकळ्यांच्या चार जोड्या. आपण पोकळीचं नाव आजाराला देऊन टाकलं. जुनी माणसं ‘सर्दी मुरली’ म्हणायची. आयुर्वेदात सर्दी म्हणजे प्रतिश्याय आणि तो चिघळला की दुष्ट प्रतिश्याय. मुरण्यात, चिघळण्यात काळाचा हिशेब होता; ‘सायनस’मध्ये तो हरवला.

खरा वाद याच हिशेबाचा आहे. बारा आठवड्यांपुढे गेलेली सायनसची सूज जुनाट, इथवर एकमत. पण अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचना चार आठवड्यांपर्यंतच सुजेला तीव्र (म्हणजे ताजी) म्हणतात, युरोपातल्या थेट बारापर्यंत. म्हणजे सहाव्या आठवड्यातला रुग्ण एकीकडे मधल्याच खणात, दुसरीकडे अजून तीव्र. त्यात १९९०च्या दशकात ‘सायनुसायटिस’ हे वैद्यकीय नावच बदलायचं ठरलं : नाकाचं (‘ऱ्हायनो’) आणि सायनसचं अस्तर सलग, म्हणून ‘ऱ्हायनोसायनुसायटिस’. तर्क बिनचूक, पण हा शब्द बाकावरचं कोण उच्चारणार?

शस्त्रक्रियेचा जुना इतिहास थोडक्यात असा. १८९०च्या दशकात न्यूयॉर्क आणि पॅरिसमध्ये वरच्या ओठाखालून गालाचं हाड फोडून अस्तर खरवडायची पद्धत आली. शिवाय सुईने सायनस धुणं. ‘पाणी काढलं’ असं सांगणारे लोक अजून भेटतात. वळण आलं ते १९७०च्या दशकात ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये, दुर्बिणीतून. अस्तरावरची सूक्ष्म केसं शेंबूड निसर्गाने दिलेल्या तोंडाकडेच ढकलतात. खाली नवं भोक पाडलं तरी ती वाट सोडत नाहीत. म्हणून तेच तोंड मोकळं करायचं. १९८५च्या सुमारास या शस्त्रक्रियेला ‘फंक्शनल एंडोस्कोपिक सायनस सर्जरी’ हे आजचं नाव मिळालं, सीटी स्कॅनने तिला नकाशा दिला.

औषधांत मात्र आपण मागेच आहोत. तीव्र सायनसची बहुतेक दुखणी विषाणूंची. शंभरातल्या जेमतेम दोघांत त्यावर जिवाणू चढतो. तरी तिसऱ्या दिवशी ‘स्ट्राँग गोळ्या’ हव्या असतात. जुनाट दुखण्यात मिठाच्या पाण्याने नाक धुणं (पाणी उकळून गार केलेलंच) आणि स्टेरॉइडचा फवारा, दोन्ही महिनोन्‌महिने. २०२१च्या काळ्या बुरशीनंतर स्टेरॉइड हा शब्दच लोकांना नको झाला. तिथे प्रश्न होता बेसुमार साखरेचा आणि पोटातून-शिरेतून दिलेल्या मोठ्या डोसांचा. नाकातल्या फवाऱ्याचा त्याच्याशी संबंध जोडणं अन्यायाचं आहे.

आणि कपाळ दुखतंय म्हणून ‘सायनस’ म्हणणाऱ्यांचं काय? अमेरिकेतल्या २००४च्या एका पाहणीत अशा सुमारे तीन हजार जणांपैकी ८८ टक्क्यांची लक्षणं अर्धशिशीत बसली.