क्वाड्रुपल स्कल्स (पुरुष)

क्वाड्रुपल स्कल्स : रोइंग या क्रीडाप्रकारातील चार वल्हेकऱ्यांची सांघिक शर्यत. प्रत्येक वल्हेकरी दोन हातांत दोन वल्ही धरतो, म्हणजे नावेला एकूण आठ वल्ही असतात. पुरुषांच्या शर्यतीत सुकाणूधारी (कॉक्स) नसतो. अंतर २,००० मी. असते आणि मोठ्या स्पर्धांत सहसा सहा मार्गिकांतून सहा नावा एकाच वेळी सुटतात. आंतरराष्ट्रीय नोंदींत या वर्गाची खूण ‘४×’ अशी आहे. तीतील गुणिलेचे चिन्ह स्कलिंग (प्रत्येकाने दोन वल्ही मारणे) दाखवते. ‘४−’ अशी वजा चिन्हाची खूण प्रत्येकी एकच वल्हे असलेल्या, कॉक्सविना चौघांच्या नावेची. या दोन वर्गांची गल्लत वृत्तपत्रांत वारंवार होते. मराठीत ‘नौकानयन’ हा शब्द शिडाच्या आणि वल्ह्याच्या अशा दोन्ही शर्यतींना लावला जात असल्याने गोंधळ आणखी वाढतो. म्हणून या नोंदीत ‘रोइंग’ हाच शब्द वापरला आहे.

शब्द : ‘स्कल’ हा इंग्रजी शब्द मध्ययुगीन इंग्रजीत, बहुधा चौदाव्या शतकापासून आढळतो, त्याची व्युत्पत्ती मात्र निश्चित नाही. काहींनी तो स्कँडिनेव्हियन भाषांतील वाटीवाचक शब्दाशी जोडला आहे. वल्ह्याच्या पात्याची खोलगट घडण पाहता हे सुचणे स्वाभाविक असले, तरी ध्वनिसाम्यापलीकडे त्याला फारसा आधार नाही. शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी चालत आले आहेत : नावेच्या पिछाडीला लावलेले एकच वल्हे डावी-उजवीकडे फिरवून नाव पुढे नेणे, आणि एकट्या माणसाने दोन हातांनी दोन आखूड वल्ही मारणे. शर्यतींच्या परिभाषेत दुसरा अर्थच रूढ झाला. लंडनमध्ये थेम्स नदीवर उतारू नेणाऱ्या नावाड्यांची ‘डॉगेट्स कोट अँड बॅज’ ही शर्यत १७१५ पासून होत आली आहे आणि ती एकेरी स्कलिंगचीच आहे. यावरून एकेरी स्कलिंग हे सर्वांत जुन्या संघटित शर्यतींपैकी एक ठरते. चौघांची शर्यत त्या मानाने अगदी अलीकडची.

उगम : रोइंगची आंतरराष्ट्रीय संघटना (फिसा) १८९२ मध्ये तूरिन येथे स्थापन झाली व दुसऱ्याच वर्षी यूरोपीय अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. तरीही पुरुषांच्या चौघांच्या स्कलिंगला जागतिक कार्यक्रमात स्थान मिळण्यास १९७४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ल्यूसर्न येथील जागतिक स्पर्धेत हा प्रकार घेतला गेला आणि १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये तो दाखल झाला. स्त्रियांची स्थिती याच्या उलट होती. यूरोपीय अजिंक्यपदात स्त्रियांसाठी कॉक्ससह चौघींच्या स्कलिंगची शर्यत १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून होती, म्हणजे पुरुषांच्या आधी जवळपास दीड तप. स्त्रियांचे अंतर तेव्हा १,००० मी. होते. १९८८ च्या सोल ऑलिंपिकपासून त्यांची नावही कॉक्सविना आणि २,००० मीटरवर धावू लागली.

पुरुषांच्या शर्यतीला इतका उशीर का झाला, याची संगती दोन प्रकारे लावता येते. एक म्हणजे, इंग्रजी परंपरेत संघाची शर्यत म्हणजे एका वल्ह्याची, आणि स्कलिंग हे एकट्याचे किंवा फार तर दोघांचे कौशल्य, अशी विभागणी मनात पक्की होती. इंग्लंडमधील हेन्लीच्या प्रसिद्ध रेगाटात (नौकाशर्यतींच्या मेळाव्यात) पुरुषांच्या चौघांच्या स्कलिंगसाठी क्वीन मदर चॅलेंज कप १९८१ मध्ये, म्हणजे ऑलिंपिक प्रवेशानंतर पाच वर्षांनी सुरू झाला. हे या मताला पोषक आहे. दुसरी संगती मध्य यूरोपाकडे बोट दाखवते. जर्मनभाषक क्लबांत ‘डोप्पेलफीअरर’ ही चौघांच्या स्कलिंगची नाव परिचित होती. ती अधिकृत कार्यक्रमात येणे हा केवळ कार्यक्रमविस्ताराचा प्रश्न होता. दोन्ही कारणे एकत्र घडली असणे शक्य आहे. मात्र सुरुवातीच्या निकालांवरील जर्मन वर्चस्व पाहता दुसरी संगती अधिक ग्राह्य वाटते.

नाव आणि वल्ही : नाव सुमारे १२·५ ते १३ मी. लांब व अतिशय अरुंद असते. नियमानुसार तिचे किमान वजन ५२ किग्रॅ. आहे. एका वल्ह्याच्या चौघांच्या नावेला (‘४−’) हीच मर्यादा ५० किग्रॅ. आहे, दोन किलोंचा फरक मुख्यतः दोन्ही बाजूंना लागणाऱ्या रिगरांचा (वल्ही पेलणाऱ्या, नावेबाहेर काढलेल्या आधारांचा) समजावा. आसने रुळांवर सरकतात, त्यामुळे हातांपेक्षा पायांचा जोर अधिक कामी येतो. स्कलिंगचे वल्हे साधारण २·८ ते २·९ मी. लांब, तर प्रत्येकी एकच वल्हे असलेल्या नावेतले वल्हे सुमारे ३·७ मीटरचे. पात्याचा आकार १९९१ पर्यंत बहुतांशी सममित, म्हणजे ‘मॅकॉन’ पद्धतीचा होता. त्यानंतर कुऱ्हाडीसारखे असमान, रुंद पाते आले आणि १९९२ च्या बार्सेलोना ऑलिंपिकपर्यंत ते झपाट्याने पसरले.

दोन्ही वल्ह्यांच्या मुठी मध्यभागी एकमेकींवरून जातात, हा स्कलिंगमधील सर्वांत नाजूक भाग. वल्ही ज्यांवर फिरतात त्या दोन्ही बाजूंच्या खुंट्यांमधील अंतर सुमारे १५८ ते १६० सेंमी. ठेवतात, त्यामुळे मुठी वीसेक सेंटिमीटर एकमेकींवर येतात. बहुतेक देशांत डावा हात उजव्याच्या वर व किंचित पुढे नेण्याची रीत आहे. वल्हेकरी पिछाडीकडे तोंड करून बसतो, म्हणून त्याच्या डाव्या हातातले वल्हे नावेच्या उजव्या बाजूचे असते. त्या बाजूची वल्हे अडकवायची कडी एक-दोन सेंटिमीटर उंच बसवतात. चौघांपैकी एकाने जरी मुठींची उंची बिघडवली, तरी सगळी नाव एका अंगाला कलते. संघ घडवताना पहिले कित्येक आठवडे यातच जातात. दिशा राखण्यासाठी चौघांपैकी एकाच्या पायपट्टीला सुकाणूची तार जोडलेली असते. नाळेकडच्या (नावेच्या पुढच्या टोकाकडच्या) वल्हेकऱ्यास ‘बो’ आणि पिछाडीकडच्यास ‘स्ट्रोक’ म्हणतात. लय स्ट्रोक ठरवतो.

वेगाची मीमांसा : आठ वल्हेकऱ्यांची नाव सोडल्यास क्वाड्रुपल स्कल्स हा सर्वांत वेगवान वर्ग आहे. २०२० च्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये (प्रत्यक्षात २०२१) नेदरलँड्सने ५ मि. ३२·०३ से. ही वेळ नोंदवली. ताशी वेग सुमारे २१·७ किमी. भरतो. त्यापूर्वीची सर्वोत्तम वेळ युक्रेनची, २०१४ मधील ५ मि. ३२·२६ से. होती. रोइंगमध्ये ‘विश्वविक्रम’ न म्हणता ‘सर्वोत्तम वेळ’ म्हणण्याचा प्रघात आहे व तो योग्यच आहे. वारा, पाण्याचे तापमान आणि प्रवाह यांनी काही सेकंदांचा फरक सहज पडतो.

तितकेच चौघे, नाव दोन किलो जड, तरी ‘४×’ ही ‘४−’ पेक्षा वेगवान का? एक मत आठ पात्यांच्या एकूण क्षेत्रफळावर भर देते : पाण्याची पकड अधिक, घसर कमी. दुसरे मत सममितीचे आहे. एका वल्ह्याच्या नावेत डाव्या व उजव्या बाजूचे वल्हेकरी नाळेपासून वेगवेगळ्या अंतरावर बसतात. त्यामुळे प्रत्येक फटक्यात नाळ किंचित इकडेतिकडे वळते आणि त्यात शक्ती वाया जाते. स्कलिंगमध्ये प्रत्येक माणूस दोन्ही बाजूंना सारखाच जोर लावतो, म्हणून हा दोष जवळपास नाहीसा होतो. वेळांची तुलना येथे उपयोगी पडते. ब्रिटनच्या ‘४−’ संघाची २०१२ मधील वेळ ५ मि. ३७·८६ से. आहे, म्हणजे वर दिलेल्या डच वेळेशी तफावत पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. दोघांच्या नावांत, ज्यांचे किमान वजन सारखेच (२७ किग्रॅ.) आहे, क्रोएशियाची स्कलिंगमधील ५ मि. ५९·७२ से. (२०१४) आणि न्यूझीलंडची एका वल्ह्याची ६ मि. ८·५० से. (२०१२) यांत ही तफावत सुमारे २·४ टक्के दिसते. आखूड नाव अधिक सहज वळते. तिच्यातच तफावत मोठी असावी, हे सममितीच्या मताला अनुकूल आहे. मात्र वेगवेगळ्या पाण्यावरच्या वेळांवरून यापुढे जाऊन निष्कर्ष काढू नये.

ऑलिंपिक : १९७६ ते २०२४ या काळातील तेरा ऑलिंपिक स्पर्धांपैकी सात सुवर्णपदके जर्मन संघांची आहेत : पूर्व जर्मनी १९७६ व १९८०, पश्चिम जर्मनी १९८४ (पूर्व गटाच्या बहिष्काराचे वर्ष), आणि एकीकरणानंतर १९९२, १९९६, २०१२ व २०१६. इटलीने १९८८ व २००० मध्ये बाजी मारली. दोन्ही इटालियन संघांत आगोस्तीनो आबान्याले हा होता. मधल्या काळात रक्ताच्या गुठळ्यांच्या आजाराने त्याला खेळापासून दूर राहावे लागले होते, हे लक्षात घेता बारा वर्षांच्या अंतराने मिळालेले हे यश असामान्य आहे. २००४ मध्ये रशिया, २००८ मध्ये पोलंड आणि २०२० व २०२४ मध्ये नेदरलँड्स विजयी झाले. पोलंडच्या कोल्बोविच, येलिन्स्की, कोरोल व वासिएलेव्स्की या चौघांनी २००५, २००६, २००७ व २००९ ची जागतिक अजिंक्यपदेही जिंकली. एकच चौकडी इतकी वर्षे न बदलता टिकल्याचे उदाहरण या शर्यतीत विरळाच.

भारत : आशियाई क्रीडास्पर्धांत रोइंगचा समावेश १९८२ च्या दिल्ली स्पर्धेपासून झाला; शर्यती जयपूरजवळच्या रामगढ तलावावर झाल्या होत्या. भारताचे या खेळातील पहिले आशियाई सुवर्ण २०१० मध्ये ग्वांगजौ येथे बजरंगलाल ताखर यांनी एकेरी स्कल्समध्ये मिळवले. दुसरे क्वाड्रुपल स्कल्समध्ये आले. २४ ऑगस्ट २०१८ रोजी इंडोनेशियातील पालेम्बांगच्या जाकाबारिंग सरोवरावर स्वर्ण सिंग, दत्तू भोकनळ, ओम प्रकाश व सुखमीत सिंग यांनी ६ मि. १७·१३ से. वेळ दिली, यजमान इंडोनेशिया दुसरा व थायलंड तिसरा आला. प्रशिक्षक इस्माईल बेग होते.

भोकनळ हे नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे. हा भाग अवर्षणप्रवण. वडिलांबरोबर विहिरी खोदण्याचे काम केलेला हा तरुण २०१२ मध्ये लष्करात भरती झाला आणि रोइंगकडे वळला. सुरुवातीला पाण्याचीच भीती वाटे, असे त्यांनी सांगितले आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ते एकेरीत तेरावे आले. पालेम्बांगला आदल्या दिवशीच्या एकेरीच्या अंतिम शर्यतीत ते सर्वांत मागे राहिले होते. प्रकृती ठीक नसल्याचे तेव्हा सांगण्यात आले. चोवीस तासांत त्याच पाण्यावर चौघांनी मिळून सुवर्ण आणले. २०२० च्या अर्जुन पुरस्कारांत त्यांचे नाव होते. पुण्यात लष्कराचे रोइंग केंद्र दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या परिसरात आहे आणि भारतीय स्कलिंगपटूंच्या तयारीत त्याचा वाटा मोठा आहे. ऑलिंपिकच्या पुरुष क्वाड्रुपल स्कल्समध्ये मात्र २०२४ पर्यंत भारताची नाव उतरलेली नाही.

एक वर्ष लांबून २०२३ मध्ये हांगजौ येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत सतनाम सिंग, परमिंदर सिंग, जाकर खान व सुखमीत सिंग यांनी ६ मि. ८·६१ सेकंदांत कांस्यपदक मिळवले. चीन पहिला, उझबेकिस्तान दुसरा. वेळ पालेम्बांगपेक्षा साडेआठ सेकंदांनी सरस, पदक मात्र कांस्य. पालेम्बांगच्या चौकडीतील सुखमीत सिंग एकटाच या संघात होता.