एकच चाचणी, दोन निकाल : बुद्धिमापनातल्या पक्षपाताची पार्श्वभूमी

ऑक्टोबर 1979 मध्ये कॅलिफोर्नियातल्या केंद्रीय न्यायालयाने निकाल दिला की शाळांतल्या बुद्धिमापन चाचण्या कृष्णवर्णीय मुलांवर अन्याय करतात. नऊ महिन्यांनी, जुलै 1980 मध्ये, शिकागोतल्या तशाच न्यायालयाने जवळपास त्याच चाचण्या तपासल्या आणि त्यांत फारसं वावगं नाही असं ठरवलं.

शिकागोचे न्यायाधीश जॉन ग्रेडी यांनी तज्ज्ञांवर विसंबण्याऐवजी चाचण्यांतला एकेक प्रश्न स्वतः तपासला आणि निकालपत्रात उत्तरांसकट मांडला. (कुलूपबंद ठेवायचे प्रश्न त्यामुळे जगजाहीर झाले, ते वेगळंच.) एवढ्या सगळ्यांतून त्यांना नऊच प्रश्न खटकले. माणकाचा रंग कोणता? तुझ्यापेक्षा बराच लहान मुलगा मारामारी करू लागला तर तू काय करशील? आणि चित्रं दाखवून विचारलेला एक : यातलं जास्त सुंदर कोण?

या शेवटच्या प्रश्नाचं वय तेव्हा 72 वर्षं होतं. तो आला होता पॅरिसहून. शाळेत मागे पडणारी मुलं कशी ओळखायची यासाठी फ्रेंच सरकारने 1904 मध्ये आयोग नेमला, आणि मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने व त्यांचे सहकारी तेओदोर सिमाँ यांनी 1905 मध्ये 30 कृतींची श्रेणी, म्हणजे चाचणी, तयार केली. 1908 च्या सुधारित श्रेणीत सहा वर्षांच्या मुलाने दोन चेहऱ्यांतला सुंदर चेहरा ओळखावा अशी अपेक्षा होती. कोणाच्या नजरेला सुंदर, हा प्रश्न तेव्हा बहुधा सुचलाच नसावा.

एरवी बिने सावध होते. ब्रुसेल्समधल्या एका खासगी शाळेत त्यांची श्रेणी वापरली गेली, तेव्हा तिथली मुलं मानकांपेक्षा (त्या-त्या वयाच्या मुलांकडून धरलेल्या अपेक्षेपेक्षा) सुमारे दीड वर्ष पुढे निघाली. ही मुलं सुखवस्तू घरांतली आहेत आणि आपली मानकं पॅरिसच्या साध्या वस्तीतल्या शाळांवरून ठरली आहेत, हे बिने यांनी लगेच ओळखलं. पुढे शतकभर चाललेला वाद या एका निरीक्षणात आधीच होता. पण बिने 1911 मध्येच वारले.

बिने यांच्या लेखी ही श्रेणी मदत कोणाला हवी हे शोधण्याचं साधन होती. अमेरिकेत हेन्री गॉडर्ड आणि लुइस टर्मन या मानसशास्त्रज्ञांच्या हातात ती जन्मजात कुवतीचा वजनकाटा झाली. गॉडर्ड यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस आयलंडवर, जहाजातून नुकत्याच उतरलेल्या काही निवडक स्थलांतरितांना दुभाष्यांमार्फत प्रश्न विचारले. 1917 मध्ये निष्कर्ष छापून आला : तपासलेल्या ज्यू, हंगेरियन, इटालियन आणि रशियन लोकांपैकी सुमारे 80 टक्के 'मंदबुद्धी'! त्याच बेटावर हॉवर्ड नॉक्स नावाचे डॉक्टर काम करत होते. भाषेवर आधारलेले प्रश्न या माणसांना लावणं बरोबर नाही, हे त्यांना रोजच्या कामातून कळलं होतं. त्यांनी ओळीत चार ठोकळे मांडले. डॉक्टर ज्या क्रमाने टकटक करतील त्याच क्रमाने समोरच्याने करायची. शब्दाविना होणाऱ्या चाचण्यांच्या इतिहासात नॉक्स यांचं नाव गॉडर्ड यांच्यापेक्षा ठळक असायला हवं होतं.

मग पहिलं महायुद्ध आलं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यर्क्स यांच्या देखरेखीखाली सुमारे साडेसतरा लाख अमेरिकन सैनिकांची सामूहिक चाचणी झाली. वाचता येणाऱ्यांसाठी 'अल्फा', न येणाऱ्यांसाठी किंवा इंग्रजी न जाणणाऱ्यांसाठी 'बीटा'. अल्फामध्ये विचारलं होतं : क्रिस्को म्हणजे काय, औषध, जंतुनाशक, टूथपेस्ट की खाद्यपदार्थ? क्रिस्टी मॅथ्यूसन कशासाठी प्रसिद्ध, लेखन, चित्रकला, बेसबॉल की विनोद? म्हणजे किराणा दुकानातला स्वयंपाकाच्या तुपाचा ब्रँड आणि वर्तमानपत्राचं क्रीडापान ज्याला ठाऊक, तो हुशार.

बीटा त्यावरचा उपाय होता. त्यात शब्द नव्हते, चित्रं होती. चित्रात काय राहिलंय ते काढायचं. टेनिसचं मैदान आहे, जाळी नाही. ग्रामोफोन आहे, कर्णा नाही. घर आहे, धुराडं नाही. सिसिलीहून आलेल्या एका जवानाने त्या घरावर क्रूस काढला, कारण त्याच्या मुलखात घरावर तो असायचाच. उत्तर चूक धरलं गेलं. सूचना हातवाऱ्यांनी दिल्या जात, वेळ घड्याळ लावून मोजलेला, आणि कित्येकांनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा पेन्सिल हातात धरलेली. चाचणीतले शब्द काढले की तिच्यातली संस्कृतीही जाते, हा समज इथेच खोटा ठरायला हवा होता.

आकडेही तेच सांगत होते. अमेरिकेत जितकी वर्षं काढली तितके स्थलांतरितांचे गुण वाढलेले दिसत होते. सैन्यातल्या या चाचण्यांचं विश्लेषण करणारे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम यांनी 1923 च्या पुस्तकात याचा उलटा अर्थ लावला : अलीकडे येणारे लोकच हलक्या वंशाचे! सात वर्षांनी, 1930 मध्ये, त्यांनी आपलं विवेचन निराधार असल्याचं जाहीरपणे मान्य केलं. मधल्या काळात, 1924 मध्ये, दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांवर कडक मर्यादा घालणारा कायदा झाला होता. त्यात चाचण्यांचा वाटा किती, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. वंशद्वेषाला तेव्हा चाचण्यांच्या आधाराची गरज नव्हती, असंही काही जण म्हणतात.

पुढचे प्रयत्न शुद्ध आकृत्यांकडे वळले. 1938 मध्ये ब्रिटनमध्ये जॉन रेव्हन यांची मॅट्रिसेस चाचणी आली : नक्षीतला गाळलेला तुकडा ओळखा. रेमंड कॅटेल यांनी 1940 मध्ये 'संस्कृतिमुक्त' चाचणी मांडली. पुढे त्या नावातलं 'मुक्त' जाऊन 'न्याय्य' आलं. दाव्यातली ही माघार बरंच काही सांगून जाते. शिकागोत अ‍ॅलिसन डेव्हिस आणि केनेथ ईल्स यांनी 1953 मध्ये वाचनाची गरज नसलेली, खेळासारखी चाचणी केली. गरीब मुलांचे गुण वाढतील अशी आशा होती. फरक फारसा हलला नाही.

कारण संस्कृती प्रश्नापुरती नसते, प्रश्नोत्तराच्या रिवाजातही असते. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया यांनी 1931-32 मध्ये उझबेकिस्तानातल्या शेतकऱ्यांना विचारलं : उत्तरेकडे बर्फात सगळी अस्वलं पांढरी असतात, नोव्हाया झेम्ल्या उत्तरेत आहे, तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? उत्तर आलं, मी पाहिली नाहीत, पाहिलेल्याला विचारा. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल छातीठोक बोलू नये, हा शहाणपणाच. चाचणीत तो अज्ञान ठरतो.

रॉबर्ट सर्पेल यांचा 1979 मधला प्रयोग मला याहून बोलका वाटतो. त्यांनी झांबिया आणि इंग्लंडमधल्या मुलांना नमुना पाहून नक्कल करायला सांगितली. कागद-पेन्सिलीवर इंग्लंडची मुलं सरस, तारेच्या आकृत्यांत झांबियाची (तिथली मुलं तारेची खेळणी घरीच बनवतात), मातीकामात दोन्ही सारखी. बुद्धी तीच, बदललं ते साहित्य. आणि जेम्स फ्लिन यांनी 1980 च्या दशकात दाखवलं की 1952 ते 1982 या काळात डच तरुणांचे गुण रेव्हनच्या धर्तीच्या चाचणीवर सुमारे 20 अंकांनी वाढले. संस्कृतीपासून सर्वांत दूर समजली जाणारी चाचणीच काळाबरोबर सर्वांत जास्त हलली.

दरम्यान संख्याशास्त्रज्ञांनी 'पक्षपात' या शब्दाची वेगळी व्याख्या केली. अ‍ॅन क्लिअरी यांच्या 1968 च्या निबंधानुसार, चाचणीवरून केलेलं भाकीत एखाद्या गटाबाबत सातत्याने कमी किंवा जास्त येत असेल तरच ती पक्षपाती. आर्थर जेन्सन यांनी 1980 च्या ग्रंथात हाच निकष लावून प्रचलित चाचण्यांना निर्दोष ठरवलं. हिशोब चोख आहे. पण भाकीत असतं शाळेतल्या गुणांचं, आणि शाळाच त्याच साच्यातली असेल तर दोन चुका एकमेकींशी तंतोतंत जुळतात.

आता त्या दोन निकालांतला फरक उलगडतो. ग्रेडी यांनी प्रश्न तपासले. कॅलिफोर्नियाचे रॉबर्ट पेकहॅम यांनी पाहिलं ते चाचणीचं मूळ आणि तिचा परिणाम. राज्यातल्या विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय मुलं सुमारे 10 टक्के, 'शिक्षणक्षम मतिमंद' वर्गांत मात्र सुमारे 25 टक्के. खटल्यातल्या चाचण्यांपैकी एक असलेल्या डेव्हिड वेक्सलर यांच्या 1949 च्या बालचाचणीची मानकं 2,200 मुलांवर ठरली होती, आणि ती सगळी गोरी होती. 1937 मध्ये बिने यांच्या श्रेणीची अमेरिकन आवृत्ती सुधारताना टर्मन आणि मॉड मेरिल यांनी मुलगे-मुलींच्या गुणांत फार फरक पाडणारे प्रश्न वगळले होते, कारण दोघांची बुद्धी सारखी हे त्यांनी गृहीत धरलं होतं. वर्णाच्या बाबतीत तसं गृहीत धरावं असं कोणाला वाटलं नाही, हा मुद्दा पेकहॅम यांच्या निकालपत्रात आहे.

1979 च्या निकालात पेकहॅम यांनी या वर्गांत कृष्णवर्णीय मुलांना घालण्यासाठी चाचणी वापरायला बंदी केली होती. 1986 मध्ये त्यांनी ती आणखी वाढवली : विशेष शिक्षणाच्या कोणत्याही कारणासाठी कृष्णवर्णीय मुलाला ही चाचणी द्यायची नाही, पालकांनी संमती दिली तरी नाही. काही वर्षांनी काही कृष्णवर्णीय पालकच न्यायालयात आले. आमच्या मुलांना शिकताना अडचण येते, ती कशामुळे हे शोधायला चाचणी हवी, आणि केवळ वर्णामुळे ती नाकारली जाते, अशी त्यांची तक्रार होती. 1992 मध्ये पेकहॅम यांनी आपलाच 1986 चा आदेश मागे घेतला.